चिलीम थांबल्यावर: गांजा, मेंदू आणि पहिले अठ्ठावीस दिवस

पानठेल्यावर गांजाचा विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, महादेवाचा प्रसाद आहे, झाडपाला आहे, दारूपेक्षा बरा. दुसरा म्हणतो, गांजा पिऊन पिऊन त्याच्या डोक्शात गरमी चढली, तो आता कामातून गेला. दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे, आणि दोघांच्याही बोलण्यानं नुकसान होतं. पहिल्याचं ऐकून सतरा वर्षांच्या पोट्ट्याकडं कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्याचं ऐकून तिशीतल्या माणसाला लोक सोडून देतात, जेव्हा त्याचा मेंदू महिनाभरात बराचसा जागेवर येण्यासारखा असतो.

वर्षातून एकदा शिवरात्रीला भांग घेणाऱ्याबद्दल इथं फारसं काही नाही. सकाळी उठल्या उठल्या एक दम, दुपारी वावरात एक, रात्री जागलीवर रानडुकरं हाकलताना दोन-तीन, असं ज्याचं वर्षानुवर्षं चाललंय, त्याच्या मेंदूत काय बदलतं, त्यातलं काय परत येतं आणि सोडल्यावर घरच्यांनी काय समजून घ्यायचं, एवढंच लिहायचं आहे. बहुतेक घरांत खेळ शेवटच्या गोष्टीवर बिघडतो. सोडल्यावर चौथ्या दिवशी माणूस चवताळतो, भांडी आपटतो, आणि मायच म्हणते, "जाऊ दे बापू, घे एक दम, पण शांत राह्य."

गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर जो चिकट चीक असतो त्यात शंभराहून जास्त प्रकारची कॅनाबिनॉइड रसायनं सापडतात. नशा आणणारं मुख्य रसायन एकच, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं काढलं. पण झाडातलं रसायन माणसाच्या मेंदूत बसतं कुठं? १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी ती जागा दाखवून दिली. तिला आज सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. मेंदूत अशी जागा आहे म्हणजे तिथं बसणारं शरीराचं स्वतःचंही काही असणार. ते १९९२ मध्ये सापडलं आणि त्याला संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड असं नाव मिळालं. त्याहून जास्त प्रमाणात असणारं दुसरं, टू-एजी, १९९५ मध्ये हाती लागलं.

ही यंत्रणा कशी चालते ते रात्रीच्या लाईनीवर ओलीत करणाऱ्याला चटकन समजेल. एक जण विहिरीवर मोटरीपाशी, दुसरा वावराच्या टोकाला सरीपाशी. पाणी विहिरीकडून सरीकडे जातं, पण "भरली, बंद कर" ही हाक सरीकडून विहिरीकडे येते. मेंदूतही तसंच. निरोप घेणारी पेशी गरज पडेल तेव्हाच आनंदामाइड किंवा टू-एजी तयार करते. ते उलट्या दिशेनं जाऊन निरोप पाठवणाऱ्या पेशीवरच्या सीबी-१ वर बसतं, तिथं कॅल्शियम आत यायची वाट अडते आणि पुढचा निरोप थोडा वेळ थांबतो. काम झालं की एन्झाइम लगेच त्या हाकेचे तुकडे करून टाकतात. एका सरीची हाक, एका मोटरीपुरती, घडीभराची.

टीएचसी म्हणजे सगळ्या शिवारात एकदम सुरू झालेला "बंद कर, बंद कर" असा भोंगा. हाका तोडणाऱ्या त्या एन्झाइमांना तो आवरत नाही. तो तासन्‌तास वाजतो, आणि ज्या सरीला पाणी हवं होतं तिचंही पाणी बंद होतं. रोज दिवसभर भोंगा ऐकून मोटरीवाला काय करेल? कानात बोळे घालेल. पेशी अगदी तेच करते: सीबी-१ रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते, त्यांची संख्या घटवते. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूतल्या रसायनांच्या जागा दाखवणारी तपासणी) काढून २०१२ मध्ये हे मोजलं गेलं. मेंदूच्या बाहेरच्या थरात सीबी-१ साधारण २० टक्क्यांनी कमी दिसले. "आता एका चिलमीनं काहीच होत नाही" असं जुना गंजेडी म्हणतो ते याच्यामुळं.

खरी गोम पुढं आहे. भोंगा बंद केला तरी कानातले बोळे त्याच दिवशी निघत नाहीत. मग सरीवाल्याची साधी हाकही मोटरीवाल्याला ऐकू येत नाही आणि पाणी बांध फोडून वाहतं. गांजा सोडल्यावरची चिडचिड, घाम, उडालेली झोप, मेलेली भूक हे सगळं त्या फुटलेल्या बांधाचं पाणी आहे. बोळे निघायला वेळ लागतो, पण ते निघतात. पुढच्या स्कॅनमध्ये दिसलं की पहिल्या दोन दिवसांतच रिसेप्टर परत यायला लागतात आणि सुमारे चार आठवड्यांनी न ओढणाऱ्या माणसापेक्षा वेगळे दिसत नाहीत. अठ्ठावीस दिवसांचा हिशोब तिथून आला आहे.

हे रिसेप्टर मेंदूत सगळीकडं सारखे पसरलेले नाहीत. जिथं दाट, तिथलं काम आधी बिघडतं. कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवी गोष्ट नोंदवून घेणारा. गांजा जुनी नोंद पुसत नाही, नवी होऊ देत नाही. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा कापसाचा भाव आणि सगळी भजनं तोंडपाठ, पण सकाळी सांगितलेलं युरिया, दोरी आणि पोरीच्या वह्या यांतलं एकच घरी येतं. "तुले काय सांगतलं होतं न तू काय आणलं?" यावर तो जे गोंधळून बघतो ते सोंग नसतं. नोंदच झालेली नसते. दिवसाला गांजाच्या पाचाहून जास्त बिड्या दहाहून जास्त वर्षं ओढलेल्या पंधरा जणांमध्ये २००८ साली हा भाग सरासरी १२ टक्के लहान आढळला होता. मात्र पंधराच माणसं होती ती, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. स्मरणशक्तीवरचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा दिसतो.

डोक्याच्या मागं, मानेच्या वर असलेल्या लहान मेंदूत आणि खोलवरच्या बेसल गँग्लियात हे रिसेप्टर भरपूर आहेत. तोल, हातापायांचा मेळ आणि वेळेचा अंदाज या त्यांच्या गोष्टी. तारेत माणसाला पाच मिनिटं पंधरा मिनिटांसारखी वाटतात. ट्रॅक्टर आणि थ्रेशरवर नेमकं हेच घात करतं: थ्रेशरमध्ये सोयाबीनची पेंडी कधी सोडायची, हात कधी मागं घ्यायचा, याचा अंदाज अर्ध्या सेकंदानं चुकला तरी पुरे. मागचा लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीमागं दुचाकीही तशीच जाते, अंतर कळत नाही. ओढल्यावर किमान सहा तास, आणि भांग खाल्ली असेल तर पुढची झोप होईपर्यंत, हातात स्टिअरिंग नको. सोबत दारू असेल तर दोन्हींची बेरीज होत नाही, त्याहून वाईट होतं.

कपाळामागचा भाग कामांची रांग लावतो: आधी हे, मग ते, याच्यासाठी ते थांबव. जुन्या गड्याची डवरणी अर्धी राहते, बँकेचा कागद खिशातच राहतो, यामागं आळशीपणापेक्षा हा भाग जास्त असतो. शिवाय डोपामिन, मेंदूतलं हुरूप देणारं रसायन. ताज्या नशेत ते थोडं वाढतं, पण वर्षानुवर्षांच्या वापरानंतर काही ओढणाऱ्यांत ते तयार करण्याची क्षमता घटलेली आढळली आहे, आणि उत्साह मेलेल्या माणसांत हे जास्त दिसलं. अमिग्डाला हा भीतीचा भाग. त्यावर कमी मात्रा शांत करते आणि जास्त मात्रा घाबरवते, म्हणून त्याच पुडीनं एक जण हसत बसतो आणि दुसरा "मी मेलो, छाती धडधडते" म्हणून ओरडतो. नाडी खरंच मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढते. धडधाकट पोट्ट्याला ती भीती उतरेपर्यंतच असते; बायपास झालेल्या किंवा छातीत दुखणाऱ्या माणसानं मात्र ती धडधड गमतीत घेऊ नये.

एक गोष्ट गांजाच्या बाजूनं सांगायलाच हवी, नाहीतर पोट्टे बाकीचंही ऐकत नाहीत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात सीबी-१ फार थोडे आहेत. म्हणून अफूसारखा श्वास बंद पडून मोठा माणूस गांजानं मरत नाही. लहान लेकरानं भांगेची गोळी गिळली तर मात्र हा नियम धरायचा नाही. लेकरू गळून जातं, उठवल्यानं उठत नाही, श्वास मंदावू शकतो. सरळ दवाखान्यात न्यायचं आणि काय खाल्लं ते लाज न बाळगता सांगायचं.

चिलीम आणि भांगेतला फरक हा निव्वळ वेळेचा आहे, पण तो न कळल्यानं होळीला दरवर्षी गोंधळ होतो. धूर फुफ्फुसातून रक्तात जातो, दहा मिनिटांच्या आत रक्तातली पातळी शिखरावर, अर्ध्या तासात नशा पूर्ण, दोन-चार तासांत उतार. भांग पोटातून यकृतात जाते. तिथं टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, जे मेंदूत झपाट्यानं शिरतं. यात अर्धा ते दीड तास जातो, शिखर दोन ते चार तासांनी येतं आणि अंमल सहा-आठ तास किंवा जास्त राहतो. पहिली गोळी "लागली नाही" म्हणून तासाभरात दुसरी खाणारा संध्याकाळी दोन्ही एकदम भोगतो. भांगेचा घोटा दुधातच का घालतात तेही यातच आलं: टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं.

त्याच कारणानं ते शरीरातल्या चरबीत मुरतं. नशा उतरते तेव्हा टीएचसी शरीराबाहेर गेलेलं नसतं, मेंदूतून चरबीत गेलेलं असतं. म्हणून चिंचेचं पाणी, लिंबू, आंबट ताक या उताऱ्यांनी मेंदूतला अंमल निघत नाही. ताक प्यायला हरकत नाही, तोंड कोरडं पडलेलं असतंच. लघवीच्या पट्टीवर दिसतो तो टीएचसीचा मोडलेला तुकडा, आणि तो चरबीतून हळूहळू झिरपत राहतो. रोजच्या गड्यानं आज सोडलं तरी पट्टी तीस दिवस, कधी त्याहूनही जास्त, हो म्हणू शकते. विसाव्या दिवशी मेडिकलमधून किट आणून "तू खोटं बोलतो" म्हणत घरात भांडण काढू नये. ती पट्टी महिन्याभरातला वापर सांगते, आजची नशा सांगत नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर, कारण ऑगस्ट ते ऑक्टोबर आपल्याकडं तिच्यावर जीव अवलंबून असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीवरून आलेला माणूस बांधावर आडवा झाला, बरळायला लागला, आणि तो गांजा ओढणारा म्हणून गावात ठाऊक असला, की लोक म्हणतात, "दम लावला असन, झोपू द्या त्याले." इथंच थांबा आणि मोबाईलचा टॉर्च लावून डोळे बघा.

गांजा चढलेल्या माणसाचे डोळे लाल, तोंड कोरडं, नाडी जोरात. पण बाहुल्या जवळपास नेहमीसारख्या, आणि नाव घेऊन हाक मारली की तो ओळखीचं उत्तर देतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक भिनलं असेल तर माणूस ओला होतो: घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, हगवण, छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि पापण्यांचे, दंडाचे स्नायू फडफडतात. तिसरा प्रकार धोत्र्याचा. भांगेत किंवा चिलमीत धोत्र्याच्या बिया मिसळलेल्या असल्या की माणूस कोरडाठाक होतो: अंग तापलेलं पण घाम नाही, बाहुल्या मोठ्या, लघवी तुंबलेली, हवेत काहीतरी वेचतोय असे हात, समोर नसलेल्या माणसाशी बोलणं. ओला, कोरडा आणि लाल डोळ्यांचा, असं लक्षात ठेवलं तरी चालेल.

पहिल्या दोन प्रकारांची गल्लत झाली तर जीव जातो. शंका आली तरी विषबाधाच समजायची. कपडे काढा, अंग आणि केस साबणपाण्यानं धुवा, कुशीवर झोपवा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा चिठ्ठीसकट सोबत न्या. डॉक्टर विषबाधेला ॲट्रोपिन देतात. धोत्र्यात मात्र ॲट्रोपिनसारखंच विष असतं, तिथं ते दिलं तर आगीत तेल. म्हणून त्यानं काय घेतलं होतं हे पोलिसांच्या भीतीनं लपवू नये.

आता दिवसांचा हिशोब. सोडण्याची तारीख ठरवून सोडलेलं बरं, आणि ती सोंगणीच्या किंवा लग्नाच्या धामधुमीत नको.

पहिल्या २४ ते ७२ तासांत त्रास सुरू होतो. चिडचिड आधी, मग भूक जाते, रात्री अंगरखा भिजेल इतका घाम, कधी हात थरथरणं, डोकं दुखणं, पोटात मुरडा, थंडी वाजल्यासारखं होणं. मलेरियाच्या दिवसांत रक्ततपासणी करून घ्या, पण ताप नसताना घाम आणि थंडी असली तर कॅलेंडर बघा. दुसऱ्या ते सहाव्या दिवसात हे सगळं टोकाला जातं. यालाच विथड्रॉवल म्हणतात; अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत गांजाचं विथड्रॉवल २०१३ साली स्वतंत्र आजार म्हणून नोंदलं गेलं. त्याआधी बरेच डॉक्टरही म्हणायचे की गांजाला असं काही नसतं.

याच आठवड्यात घरचे दोन चुका करतात. पहिली, वर सांगितली ती, मायेपोटी एक दम देणं. त्यानं त्रास दहा मिनिटांत थांबतो खरा, पण बोळे पुन्हा घट्ट बसतात आणि कॅलेंडर पहिल्या पानावर जातं. दुसरी, "याच्या अंगात काही शिरलं" म्हणून भगताकडं नेणं. गंमत अशी की भगताकडं नेल्यावर आठ-दहा दिवसांत फरक पडतोच, कारण तो तसाही पडणार असतो. अंगारा-धागा बांधायचा असेल तर बांधा. मिरचीची धुरी, उपास, मार हे मात्र अजिबात नको. घाम आणि उलट्यांनी सुकलेल्या माणसाला त्याची शिक्षा कशाला?

जेवण थोडं आणि वारंवार: ज्वारीची आंबील, मुगाची खिचडी, कढी, केळी. दिवसातून तीन-साडेतीन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दुपारनंतर चहा नको. दिवसा अंगमेहनतीचं पण धोका नसलेलं काम द्या: कुंपण, गोठा, निंदण चालेल, थ्रेशर, फवारणी आणि विहिरीत उतरणं पहिले दहा दिवस नको. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलामची पट्टी आणू नका, एक सवय जाऊन दुसरी बसते. मोहाच्या दारूचंही तेच. फार त्रास असला तर डॉक्टर काही दिवसांपुरतं औषध लिहून देतात, ते चालेल.

चिलमीत गांजा एकटा नसतो, तंबाखू असतोच. म्हणजे ज्या दिवशी चिलीम थांबते त्या दिवशी निकोटीनही थांबतं आणि दोन्हींची तलफ एकाच आठवड्यात येते. बहुतेकांचा खर्रा (सुपारी-तंबाखूचा) याच वेळी दुप्पट होतो. पहिल्या महिन्यात खर्रा पूर्ण बंद करा म्हणून मागं लागलं की दोन्ही फसतात असं अनेकांचं मत आहे. मला ते पटत नाही, पण निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगम हाताशी ठेवून मगच दोन्ही सोडावं, एवढं नक्की.

आणि घरातलं कीटकनाशक. या पहिल्या दोन आठवड्यांत मन फार खाली जाऊ शकतं. मोनोक्रोटोफॉससारख्या बाटल्या ज्या घरात खाटेखाली असतात तिथं एका वाईट रात्रीचा विचार पुरेसा ठरतो. सगळं औषध शेजारच्याकडं किंवा कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. हे त्याच्यापासून लपवून करू नका, सांगून करा.

दोन आठवड्यांनी चिडचिड आणि भूक बरीच सुधारते. झोप मागं राहते. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो. तो थांबला की दबलेली स्वप्नं एकदम उसळतात, भडक, खरी वाटणारी. बहुतेक स्वप्नं पुन्हा चिलीम ओढल्याची असतात आणि माणूस दचकून उठतो. महिनाभर किंवा थोडं जास्त हे चालतं. यात बाहेरचं काही नाही.

स्मरणशक्तीचंही मोजमाप आहे. आयुष्यात किमान ५,००० वेळा गांजा ओढलेल्यांना घेऊन अमेरिकेत २००१ साली चाचण्या झाल्या. सोडल्याच्या दिवशी, पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी ते शब्द लक्षात ठेवण्यात मागं पडले. अठ्ठाविसाव्या दिवशी इतरांपेक्षा लक्षात येण्याजोगा फरक उरला नव्हता. सातव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून निराश होणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

पण हा हिशोब मोठ्या माणसाचा. पोट्ट्याचा वेगळा आहे. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी तयार होतो. या काळात नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, हव्या त्यांवर वेष्टण चढतं, आणि कुठं छाटायचं, कुठं ठेवायचं यात सीबी-१ च्या हाकांचा हात असतो. ओलीत मोठ्या झाडाचं चुकलं तर एक बहर जातो. रोपाचं चुकलं तर बुंधाच वाकडा वाढतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथं १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून जास्त मुलांना जन्मापासून तपासत आले आहेत. त्यातल्या ज्यांनी किशोरवयात सुरू करून पुढं व्यसन चालू ठेवलं त्यांचा बुद्ध्यांक १३ ते ३८ वर्षांच्या दरम्यान सुमारे ८ गुणांनी घसरलेला आढळला, आणि पुढं सोडूनही तो पूर्ण भरून आला नाही. जुळ्या भावंडांवरच्या काही अभ्यासांत इतका फरक गांजानंच पडतो असं दिसलं नाही. घर, गरिबी, सुटलेली शाळा यांचाही वाटा असतो. आठ गुण की तीन, यावर वाद घालता येईल. दहावीच्या वर्षी वर्गात काहीच नोंदलं जात नाही यावर वाद नाही. व्यसन लागण्याचं प्रमाणही वयावर आहे: एकदा चाखलेल्यांपैकी साधारण दहात एकाला लागतं, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत सहात एकाला.

आणि वेड. 'डोक्शात गरमी चढली' म्हणतात ते हेच: कानात आवाज येणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, रात्र रात्र फिरणं, तुटक बोलणं. स्वीडनमध्ये लष्करी भरतीला आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांचा माग काढून १९८७ साली मांडलं गेलं की अठरापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांना पुढं स्किझोफ्रेनिया (अशा वेडाचा दीर्घकाळ चालणारा आजार) होण्याचं प्रमाण सहापट होतं. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांच्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे अशा वेडाची, शक्यता सुमारे तिप्पट, आणि दहा टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत जवळपास पाचपट दिसली. जुन्या देशी गांजात टीएचसी साधारण तीन-पाच टक्के असायचं. नव्या संकरित, बिनबियांच्या मालात पंधरा-वीस टक्केही असतं. आज्यानं चाळीस वर्षं चिलीम ओढली आणि त्याला काही झालं नाही, हा दाखला म्हणून नातवाला लागू पडत नाही.

साधी कसोटी अशी: नशा कितीही झाली तरी चोवीस तासांत उतरते. त्यानंतरही आवाज, संशय, बरळणं राहिलं तर ती नशा नाही, मानसोपचाराचं काम आहे. आणि दोन आठवड्यांत बरा झाला म्हणून औषध बंद करून टाकायचं नाही. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींत गांजानं सायकोसिस झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या काही वर्षांत स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचं निदान झालं होतं. घरात काका, मामा, बहीण कोणाला असा आजार असेल तर त्या घरच्या पोट्ट्यानं चिलमीला हातच लावू नये.

एक विचित्र दुखणं राहिलं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काही जणांना सकाळी मळमळ, मग दिवसभर उलट्या, पोटात कळ असं दर काही आठवड्यांनी होतं. पित्त म्हणून गोळ्या होतात, दुर्बिणीनं तपासणी होते, काही निघत नाही. ओळखायची खूण एकच: गरम पाण्यानं आंघोळ केली की बरं वाटतं. मे महिन्यात ४५ अंशात एखादा गडी दिवसातून चार वेळा कढत पाण्यानं न्हातोय, तर पित्ताच्या गोळ्या बाजूला ठेवून गांजाचं विचारा. २००४ साली ऑस्ट्रेलियातून हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. गांजा मळमळ थांबवतो अशी समजूत असल्यानं माणूस उलटी आली की आणखी ओढतो आणि फेरा वाढतो. आपल्या उन्हाळ्यात पाणी सुकून मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून लघवी कमी किंवा गडद झाली तर सलाईनसाठी लगेच जायचं. कायमचा उपाय सोडणं हाच.

कुठं जायचं? जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं इथं मानसोपचार विभाग आहेत. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. गांजाच्या व्यसनावर अजून नेमकं असं औषध नाही. समुपदेशन, झोपेची घडी आणि लक्षणांपुरती औषधं यांवरच काम चालतं. त्यामुळं "एका इंजेक्शनात व्यसन मुक्त" अशी भिंतीवर रंगवलेली जाहिरात दिसली की पुढं चालायचं.

पोलिसांची भीती खोटी नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ फार थोड्यांना ठाऊक असतं: जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येतो आणि उपचार पूर्ण करतो, त्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मधेच सोडला तर ते काढून घेता येतं, म्हणून ओपीडीचा कागद जपून ठेवा.

ओपीडीत गेल्यावर सांगायच्या गोष्टी: दिवसाला किती चिलमी, किती वर्षं, शेवटची कधी, सोबत दारू-खर्रा किती, घरात कोणाला मानसिक आजार. आणि आधीपासून ओलांझापिन किंवा क्लोझापिन (मानसिक आजारावरची औषधं) चालू असेल तर "चिलीम बंद केली" हे पहिल्याच वाक्यात सांगा. धुरानं यकृत ही औषधं लवकर जाळतं, म्हणून ओढणाऱ्याचा डोस वाढवून ठेवलेला असतो. धूर थांबला की तोच डोस आठवडाभरात जास्त होऊन बसतो, माणूस दिवसभर पेंगतो, लाळ गळते, उठताना चक्कर येते, आणि घरचे म्हणतात की गांजा सोडल्यामुळं हा असा झाला. गोळी स्वतः कमी करू नका, डोस डॉक्टरलाच ठरवू द्या. रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या, नावं आठवायची गरज पडत नाही.